आधी रान, मग पाखरू

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. आपल्या मॉरिशसच्या ब्रीझ फेरच्या रानात दिवसभर देशी झाडं दाबून टाकणारे परके चिनी पेरू उपटतेस, पाखराला अजून हात लागला नाही, म्हणून दुर्मीळ पाखरांच्या प्रजनन केंद्रात बदली मागू का, असं विचारतेस. माग की. पण माझं मत विचारलंस म्हणून सांगतो: आधी रान, मग पाखरू.

केंद्राला मी कमी लेखत नाही. 1974 साली आपले केस्ट्रेल, म्हणजे इथले छोटे शिकारी ससाणे, रानात चारच उरल्याची नोंद होती. पहिली अंडी काढून यंत्रात उबवायची, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. या युक्तीवर ही जात तगली, शेकड्यांनी पिल्लं सोडली. आणि 2014 मध्ये तोच पक्षी पुन्हा 'संकटग्रस्त' यादीत! अगं, झाडांच्या आतल्या आत वळून हिरव्या पाली धरायच्या म्हणून त्याचे पंख आखूड. त्याला हवं तसं धड रान बेटावर दोन टक्केही उरलेलं नाही. सोडायचं कुठे, उसाच्या शेतात? गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास होतं, आज शेकड्यांत आहे. पण आपण ठेवलेल्या दाण्यावर. रान असतं तर दाणा कशाला लागला असता?

बरं, 'उपटते' म्हणतेस, ते मुळासकट ना? बोटभर रोप असलं तरी गुडघे टेकून, बुडाशी धरून सरळ वर ओढायचं. मूळ आत तुटलं की तिथून पुन्हा फुटवे येतात. जाड खोड असेल तर कापून लगेच बुंध्याला तणनाशक लाव, जेवून आल्यावर नाही. आणि शेजारचं एबनीचं, आपल्या देशी झाडाचं, रोप तुडवू नकोस.

माझी मावशी म्हणायची, "झाडं तोडतो नि म्हणे रान वाचवतो!" हंगामात सगळं घर बादल्या घेऊन हेच पेरू तोडायला जायचं, मीठ-मिरची लावून खायचं. मीही खातो, चव छान आहे. त्याचं बी डुकरं नि माकडं पसरवतात, बाकीच्या परक्या झुडपांचं बुलबुल. हा बुलबुल म्हणजे आपल्या पूर्वजांच्या सह्याद्रीतला शिपाई बुलबुल बरं का! कुणीतरी इथे आणून सोडला.

मला ऑफिसातली खुर्ची देत होते, मी घेतली नाही. लोक म्हणाले, याला महत्त्वाकांक्षाच नाही. होती की! साफ केलेला एक तुकडा माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा माजला, कारण पुढच्या वर्षी निंदणीला माणसंच दिली नाहीत. तेव्हा मी खुर्चीत असतो तर फाइलवर सही केली असती, दुसरं काय? बायकोला हे पटलं नाही. तुला पटतंय का, बघ.

तर आधी रान. बदलीचा अर्ज दे, मी अडवत नाही, पण हातातला तुकडा पुरा करून. आणि ओढ्याकडच्या कुंपणाची खालची जाळी तपास. डुकरं तिथूनच शिरत असणार.