वय ३४, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) २७० आलंय, अजून मूल नाही. त्याचं इंजेक्शन सुरू करू का?

एवढ्यावर नको. रक्त किती वाजता दिलंत? टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारनंतर उतरतं. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासा. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि इच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा जाणं अशी लक्षणंही असतील, तरच निदान धरतात. नुसता थकवा झोपेमुळे, थायरॉइडमुळे, साखरेमुळेही येतो.

आता मुलाचं, कारण खरी काळजी मला तिथेच वाटते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी हार्मोन्स सोडणं जवळपास थांबवते. वृषणांना मिळणारा हुकूमच बंद होतो आणि शुक्राणू कमी होत होत शून्यावरही जातात. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. जिममधला कुणी 'काही होत नाही' म्हणाला तर कृपया ऐकू नका. मूल हवं असताना क्लोमिफीन किंवा एचसीजी अशा औषधांचे दुसरे मार्ग आहेत. ते एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांच्या प्रजननाचे तज्ज्ञ) हेच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि वीर्यतपासणीचे रिपोर्ट सोबत न्या.

पोट सुटलं असेल, घोरत असाल, तर आधी त्यावर काम करा. वजन उतरलं की आकडा बऱ्याचदा आपणहून वर येतो.

पुढे कधी इंजेक्शन घ्यावंच लागलं, तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, नियमित बघायचं. ते ५४ टक्क्यांवर गेलं की रक्त घट्ट होतं आणि डोस थांबवावा लागतो.