बाबांना स्ट्रोक होऊन सात महिने झाले, उजवा हात उचलत नाही. रोबोटिक थेरपीचं महागडं पॅकेज घ्यावं का, की आता उशीर झाला?

उशीर झाला हे तुम्हाला त्या सेंटरवाल्यांनीच सांगितलं असणार आणि त्याच दमात पॅकेजही पुढे केलं असणार. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

सात महिन्यांनी दार बंद होत नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते, हे खरं. पण २००६ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली 'एक्साइट' चाचणी २२२ रुग्णांवर झाली, ती स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेल्यांवरच. चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ मोजा चढवायचा आणि अधू हाताकडून कामं करून घ्यायची. त्यांचे हात सुधारले. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीत छातीत छोटं यंत्र बसवून, हालचालीच्या ऐन क्षणी मानेतल्या वेगस नसेला हलका करंट दिला होता. त्यातल्या लोकांना स्ट्रोक होऊन नऊ महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतचा काळ लोटला होता, तरी फरक पडला. तेव्हा 'आता काय होणार' म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा द्या आणि वाटेला लावा.

आता रोबोट. माझे बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांचाही उजवाच हात गेला होता. दादा दुबईहून पैसे पाठवायला तयार होता, म्हणून उपनगरातल्या एका चकाचक सेंटरमध्ये आम्ही जात होतो. तिथे हात पट्ट्यांनी मशीनला बांधायचे, समोर पडद्यावर मासे पकडायचा खेळ लावायचे आणि पोरगा बटण दाबून निघून जायचा. मशीन हात पुढे-मागे न्यायचं. एकदा मी बाबांच्या शेजारी बसून नीट पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले होते, घोरणं ऐकू येत होतं आणि पडद्यावर मासे पकडले जात होते. स्कोअरही छान आला! हात मशीन हलवत होतं, बाबा नव्हे. मी त्या पोराला मशीनची मदत कमी करायला सांगितलं, तर म्हणाला, "मग गेम पूर्ण होत नाही, मॅडम."

मेंदू नव्या वाटा काढतो त्या माणूस स्वतः धडपडतो तेव्हा. हात कुणीतरी हलवून दिला तर सांधा मोकळा राहतो, तेही गरजेचं आहे, पण त्याने हात कामाला लागत नाही. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेली 'रॅटल्स' चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात एमआयटीमध्ये तयार झालेला नावाजलेला रोबोट वापरला होता, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्या रुग्णांच्या हाताचं कामकाज काही जास्त सुधारलं नाही. दादाला मी हे फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, तू पैशाकडे बघतेस. मी पैशाकडे बघत नव्हते. मी बाबांच्या हाताकडे बघत होते, आणि ते बघायला तो तिथे नव्हता.

पुढे एका पालिकेच्या रुग्णालयातल्या ओटी मॅडमकडे (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) गेलो. त्यांच्याकडे फार काही नव्हतं, करंटचं एक छोटं मशीन होतं. लोक स्पंजचा बॉल आणून दाबत बसतात ना, तो त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावला. म्हणाल्या, "मूठ मिटायला यांना शिकवायचंच नाहीये, ती आपोआप मिटतेय. उघडायला शिकवायचंय." कोपराच्या खाली, हाताच्या वरच्या बाजूला दोन चिकट पॅड लावले. करंट आला की मनगट वर यायचं आणि बोटं सुटायची. पण त्यांची अट होती: करंट येतोय असं वाटलं की त्याच क्षणी बाबांनीही बोटं उघडायचा जोर लावायचा. नुसतं बघत बसायचं नाही. बाबांच्या कपाळावर घाम यायचा. मासे पकडताना तो कधी आला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, आजोबा पूर्वी हाताने काय करायचे? मी म्हटलं, कॅरम. लालबागला आमच्या चाळीत बाबांच्या समोर बसायला माणसं कचरायची. मॅडम खूश झाल्या, कारण स्ट्रायकर मारताना बोट उघडतं. घरी माळ्यावरचा बोर्ड काढला, भरपूर बोरिक पावडर टाकली. बाबांचा हात कोपरापासून बोर्डाच्या कडेवर टेकवला, म्हणजे खांद्यावर भार नाही. महागडं मशीन हाताचं वजन पेलतं ते याच कारणासाठी. सुरुवातीला टिचकी नाहीच. बोटांच्या पाठीने स्ट्रायकर नुसता ढकलायचा, सोंगटीला लागला तर लागला. करंटचे पॅड लावलेले असायचेच. तर्जनी हळूहळू सुटी व्हायला लागली. मग शेजारचे जोशीकाका संध्याकाळी समोर बसायला लागले आणि बाबा थांबायलाच तयार होईनात. हे महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२००९) असं दिसलं होतं की थेरपीच्या एका सत्रात हाताची कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला रोज शेकड्यांनी हालचाली लागल्या आहेत. कॅरमच्या दोन डावांत बाबा ३२ चा आकडा सहज ओलांडायचे.

व्हिडिओ गेमबद्दल कुणी आग्रह धरला तर त्यांना २०१६ ची 'एव्हरेस्ट' चाचणी सांगा. १४१ रुग्ण होते, निम्मे निन्टेन्डो वी खेळले, निम्मे पत्ते, डॉमिनो, चेंडू असं काहीबाही. दोघांची सुधारणा सारखीच.

आमच्या घरातली खरी अडचण मशीन नव्हतीच, आत्या होती. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. वरणभात कालवून घास भरवायची, शर्टाची बटणं लावून द्यायची, चमचा बाबांच्या उजव्या हातात दिला की काढून घ्यायची. मला म्हणायची, "आधीच खचलाय तो, त्यात तू छळ मांडलायस." मी तिला म्हटलं, आत्या, तू त्यांचा हात त्यांच्याकडून काढून घेतेयस. ती दोन दिवस बोलली नाही. पण मी हटले नाही. एडवर्ड टॉब या शास्त्रज्ञाने दाखवलंय की हात वापरला नाही की तो न वापरण्याचीच सवय लागते, थोडीफार ताकद आलेली असली तरी. भरवण्यात प्रेम असतं, मला कळतं. पण ते सेंटरचं मशीन आणि आत्या, दोघं एकच काम करत होते.

आज बाबा उजव्या हाताने पोहे खातात, थोडे सांडतात. सही अजून डाव्याने. अख्खा हात परत आला असं मी म्हणणार नाही.

तुमच्या पॅकेजचं म्हणाल तर आधी एक सत्र शेजारी बसून बघा. मशीनची मदत कमी करता येते का, आणि करतात का, ते विचारा. चांगली मशीनं असतात. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने आणि आयआयटी मद्रासने मिळून 'प्लूटो' नावाचा छोटा रोबोट केलाय, मनगट आणि बोटांसाठी. एकाच मोटरला वेगवेगळ्या मुठी लावता येतात. हात अगदीच निपचित असेल, बोट तसूभरही उघडत नसेल, तर मोज्याचा उपाय किंवा कॅरम सुरुवातीला चालणार नाही. तिथे करंट आणि चांगलं मशीन यांचा आधार लागतोच, हेही खरं.

आणि या गोष्टी सांभाळा: पेसमेकर असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावायचा नाही. बोटं फार घट्ट आवळलेली असतील तर स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा. बाबांना उठवताना अधू हाताला धरून ओढू नका, खांदा निसटतो. छताला कप्पी लावून हात खेचायचा व्यायाम कुणी सांगितला तर ऐकू नका. चांगल्या हाताला मोजा घालून चालायला लावू नका, तोल गेला तर धरायला हात लागतो.

मुंबईत असाल तर पॅकेजवर सही करण्याआधी हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये किंवा केईएमच्या ओटी विभागात एकदा दाखवून या. सकाळी लवकर जा, जुने रिपोर्ट न्या, आणि बाबा स्ट्रोकच्या आधी उजव्या हाताने काय काय करायचे ते कागदावर लिहून न्या.