‘श्री’पुढे टिंब केव्हा द्यावे?

प्रश्न : एकाच निमंत्रणपत्रिकेत वर ‘श्री गणेश’ आणि खाली ‘श्री. पाटील’ असे छापलेले असते. यातले बरोबर कोणते? ‘श्रीमती’ फक्त विधवेसाठीच वापरायचे का?

उत्तर : दोन्ही बरोबर. टिंब नसलेला ‘श्री’ हा पूर्ण शब्द आहे. संस्कृतात तो स्त्रीलिंगी. अर्थ लक्ष्मी, संपत्ती, शोभा, तेज. देवाच्या किंवा ग्रंथाच्या नावाआधी तो येतो तेव्हा काहीच गाळलेले नसते, मग टिंब कशाला? ‘श्रींची मूर्ती’ म्हणताना तर तो एकटाच देवाचे नाव होतो. माणसाच्या नावाआधीचा ‘श्री.’ मात्र ‘श्रीयुत’चा संक्षेप आहे. ‘युत’ गाळल्याची खूण म्हणजे ते टिंब. म्हणूनच ‘श्री. श्रीधर’ ही द्विरुक्ती नव्हे : पहिला संक्षेप, दुसरा नावाचाच भाग, आणि तो जोडूनच लिहायचा.

स्वतःच्या सहीत ‘श्री.’ लावू नये. तो दुसऱ्याने द्यायचा मान आहे. ‘डॉ.’ किंवा ‘कै.’ असेल तिथेही तो नको. नावांची यादी संगणकावर करताना ‘श्री.’ वेगळ्या रकान्यात ठेवा. नावाला चिकटवलात तर अकारविल्हे लावताना सगळे पुरुष ‘श’खाली गोळा होतात.

‘श्रीमती’चा वैधव्याशी मुळात काहीही संबंध नाही. ‘श्रीमत्’चे ते स्त्रीलिंगी रूप, म्हणजे ‘श्रीमंत’चेच भावंड. ‘सौ.’ विवाहितेला आणि ‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) विधवेला, अशी वाटणी होती. ‘गं. भा.’ मागे पडले आणि त्याची जागा चुकीने ‘श्रीमती’ला मिळाली. विवाहित, अविवाहित, विधवा, कोणत्याही स्त्रीला ‘श्रीमती’ म्हणावे. आमच्या मते पत्रव्यवहारात तेच सर्वांत योग्य.

‘श्री’चा संक्षेप आकड्यानेही होतो. जुन्या पत्रलेखनाच्या एका संकेतानुसार गुरूला सहा, स्वामीला पाच, मित्राला तीन वेळा ‘श्री’ लिहायचा. त्याऐवजी पुढे नुसता आकडा घालत. साधूंच्या नावाआधीचे ‘श्री १०८’ त्याच पद्धतीचे. नेपाळचे राजे ‘श्री ५’, तर राणा पंतप्रधान ‘श्री ३’ म्हणवत. तिथल्या सरकारचे ‘श्री ५ को सरकार’ हे नाव २००६पर्यंत टिकले.

जमाखर्चात हाती उरलेल्या रकमेला ‘श्रीशिल्लक’ म्हणतात. ‘श्रीखंड’ हा शब्द संस्कृतात चंदनासाठी आहे, हेही जाता जाता.

लेखनात एक चूक सतत भेटते : ‘श्रृंगार’. ‘श्र’मध्ये र आधीच आहे, त्याला पुन्हा ऋकार जोडता येत नाही. ‘शृंगार’, ‘शृंखला’ हे श आणि ऋ मिळून. ‘श्रुती’, ‘श्रम’ हे श आणि र मिळून. टंकताना ‘श्री’साठी क्रम असा : श, हलन्त, र, दीर्घ ईकार. ऱ्हस्व ‘श्रि’ फक्त ‘आश्रित’सारख्या शब्दांत.