ड्राफ्टचं सोडा, चेकवरची तारीख बघा

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमची वीटभट्टी आहे. चंदगडकडच्या एका काँट्रॅक्टरला उन्हाळ्यात विटा दिल्या. त्यापोटी त्याने पुढची तारीख घालून २,८५,००० रुपयांचा चेक दिला. तो मी खानापूरच्या माझ्या खात्यात टाकला, पण वटला नाही. बँकेचा मेमो २१ ऑगस्टला मिळाला. २४ तारखेला मी मोबाईलवर त्याला मेसेज टाईप केला, ‘पंधरा दिवसांत पैसे दे, नाहीतर कोर्टात जातो.’ पण गणपती तोंडावर आले होते, सणात भांडण नको म्हणून पाठवला नाही. तो ड्राफ्टमध्येच राहिला. नंतर भाच्याने मोबाईल बदलून दिला, आता ड्राफ्ट दिसत नाही. गावातले एकजण म्हणतात, तीस दिवसांत नोटीस दिली नाही म्हणजे केस गेली. मोबाईल दुकानदार म्हणतो, दोन हजारांत ड्राफ्ट काढून देतो, तारखेसकट. तो कोर्टात दिला तर मुदतीत नोटीस दिली असं धरतील का? मूळ चेक आणि मेमो माझ्याकडेच आहेत. काँट्रॅक्टर व्हॉट्सॲपवर ‘दिवाळीला देतो’ म्हणतोय.

उत्तर : नाही धरणार. ते दोन हजार रुपये जपून ठेवा.

तुमच्या पत्रात मेमोची तारीख आहे, मेसेज टाईप केल्याची तारीख आहे, गणपतीसुद्धा आहेत. नाही ती एकच तारीख, आणि सगळं तिच्यावरच अडलं आहे : चेकवर लिहिलेली तारीख. ‘पुढची तारीख घालून’ म्हणजे कुठली? जूनमधली की ऑगस्टमधली? चेक तुमच्याच घरात आहे. पत्र लिहिताना उठून बघितला असता तर मला दोन्ही बाजूंनी उत्तर लिहावं लागलं नसतं.

आधी ड्राफ्टचं संपवतो, कारण अशी पत्रं सारखी येतात. कुणी राजीनामा टाईप करून ठेवलेला असतो, कुणी जमिनीच्या सौद्यातून माघार घेतल्याचं लिहून ठेवलेलं असतं, कुणी भाडेकरूला जागा सोडायला सांगितलेलं असतं. सगळ्यांचा समज एकच, की लिहिलं म्हणजे कळवलं. कायदा तसं मानत नाही. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टने पत्र टपालात पडलं की नाही हे बघितलं, आणि २००० च्या आयटी ॲक्टने तेच मोबाईल-कॉम्प्युटरला लावलं. त्याचं कलम १३ सांगतं की इलेक्ट्रॉनिक मजकूर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की तो पाठवला असं धरायचं. तुमचा मजकूर तुमच्याच मोबाईलमध्ये पडून होता. चेकच्या कायद्याचं कलम १३८ तर आणखी स्पष्ट आहे : चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस देऊन पैशांची मागणी केली पाहिजे. मनात आलं, टाईप केलं, सणामुळे थांबलो, यातलं काहीही त्या वाक्यात बसत नाही. ड्राफ्ट अक्षर न अक्षर सापडला तरी त्यातून सिद्ध होईल ते एवढंच, की तुम्हाला २४ ऑगस्टला सगळं माहीत होतं आणि तरी तुम्ही काही केलं नाही. हा पुरावा समोरच्या वकिलाच्या कामाचा.

आता दुकानदार. साध्या एसएमएसचा ड्राफ्ट अँड्रॉईड मोबाईलमध्ये आलेल्या-गेलेल्या मेसेजेसच्याच डेटाबेसमध्ये बसतो. प्रत्येक मेसेजपुढे प्रकाराचा एक आकडा असतो : आलेला असेल तर १, गेलेला असेल तर २, ड्राफ्ट असेल तर ३. पुसलेल्या नोंदीची जागा लगेच भरली जात नाही, म्हणून क्वचित काही हाती लागतंही. पण तो ड्राफ्ट होता जुन्या मोबाईलमध्ये. तो मोबाईल भाच्याकडे आहे की एक्स्चेंजमध्ये दुकानात गेला, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. फॅक्टरी रिसेट करून दिला असेल तर विषयच संपला. नवीन मोबाईल उघडून ‘जुना ड्राफ्ट काढतो’ म्हणणारा माणूस नेमकं काय काढणार? सिमकार्ड कंपनीकडेही काही मिळणार नाही. जो मेसेज मोबाईलमधून निघालाच नाही, त्याची नोंद कंपनीकडे कशी असेल?

आणि ते ‘तारखेसकट’ मला खटकलं. जुन्या तारखेचा मेसेज तयार करून देणारे महाभाग आहेत. तो ३ चा २ करून देणारेही निघतील. त्या वाटेला जाऊ नका. भारतीय न्याय संहितेत बनावट इलेक्ट्रॉनिक दस्त तयार करणं कलम ३३६ मध्ये आणि खोटा पुरावा देणं कलम २२९ मध्ये येतं. २,८५,००० रुपयांसाठी फिर्यादीचे तुम्ही आरोपी व्हाल.

मोबाईल दुकानात न देण्याचं खरं कारण तर वेगळंच आहे. तुमच्या कामाचा पुरावा ड्राफ्ट नाही, काँट्रॅक्टरचं ‘दिवाळीला देतो’ हे उत्तर आहे. ते आज तुमच्या मोबाईलमध्ये जसंच्या तसं आहे. रिकव्हरीचं ॲप टाकण्यासाठी कुणी मोबाईल रूट केला, म्हणजे त्याची आतली कुलपं तोडली, आतल्या फाईली इकडच्या तिकडे केल्या, तर उद्या समोरचा वकील म्हणणार की या मोबाईलवर प्रयोग झालेत, यातलं काहीच धरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली मेसेजच्या प्रतीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या फाईलवरून निघणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, आत एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. प्रमाणपत्राशिवाय प्रत चालत नाही, पण मूळ मोबाईलच मालकाने साक्षीच्या वेळी हजर केला तर निभावतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २०२० मध्ये अर्जुन खोतकर-कैलास गोरंट्याल प्रकरणात सांगितलं. जालन्याच्या निवडणुकीचा तो वाद होता. तेव्हा हा मोबाईल विकू नका, बदलू नका, त्या माणसाचं चॅट पुसू नका. आजच ते चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा आणि त्याचा नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. बेळगावात सरकारी फॉरेन्सिक लॅब आहे, पण तिच्याकडे मोबाईल जातो तो पोलीस किंवा कोर्टामार्फत, काउंटरवर नेऊन देता येत नाही.

आता चेक.

गावातल्या त्या गृहस्थांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मेमो २१ ऑगस्टला मिळाला, पहिला दिवस सोडून मोजलं तर तीस दिवस २० सप्टेंबरला संपले. हा उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला नाही. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीच्या उशिराला तशी सोय कायद्यात ठेवलेलीच नाही. म्हणजे २१ ऑगस्टच्या मेमोवर उभी राहणारी केस गेली. मात्र चेक गेला असं नाही. मुदत शिल्लक असेपर्यंत चेक पुन्हा बँकेत टाकता येतो, पुन्हा परत आला की नवीन मेमो आणि नवीन तीस दिवस. पहिल्या वेळी केस केली नाही म्हणून दुसऱ्या वेळचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एमएसआर लेदर्सच्या निकालात स्पष्ट केलं.

ही मुदत चेकवर लिहिलेल्या तारखेपासून तीन महिने. १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आली, तरी आपल्या भागात अजून पुष्कळांच्या डोक्यात सहा महिनेच बसलेत. त्याने चेक कधी हातात दिला याला महत्त्व नाही, तुम्ही पहिल्यांदा कधी टाकला यालाही नाही. चेकवर १६ ऑगस्ट असेल तर १५ नोव्हेंबरपर्यंत जीव आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख असेल तर तुम्ही ड्राफ्ट शोधत बसलात तेवढ्यात मुदत संपली.

आणि म्हणूनच ‘दिवाळीला देतो’ ऐकून बसू नका. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, तुळशीचं लग्न झालं की साइटचं बिल निघालं की देतो. तेवढ्यात नोव्हेंबरचा मध्य उलटतो. तो हे जाणूनबुजून करतोय असं मी म्हणत नाही, तुमच्या दृष्टीने परिणाम तोच.

मुदत शिल्लक असेल तर याच आठवड्यात चेक टाका. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, कारण चेक मुदतीत त्याच्या बँकेपर्यंत पोचावा लागतो, तुमच्या शाखेचा शिक्का पुरत नाही. मागच्या वेळी टाकला त्याच खानापूरच्या खात्यात टाका. २०१५ च्या दुरुस्तीनंतर केस चालते ती चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. म्हणजे तो महाराष्ट्रातला असला तरी तुम्हाला चंदगडला खेटे घालायला नकोत, खानापूरला केस होईल.

परत आला तर मेमो मिळाल्यापासून आठवड्याच्या आत वकिलाकडून नोटीस पाठवा. बँकेचा एसएमएस मेमोच्या आधी आला असेल तर दिवस एसएमएसपासून मोजा, उगाच तारखेचा वाद नको. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेचीच करा. विटांची उरलेली बाकी, ट्रॅक्टरचं भाडं, व्याज हे सगळं एका आकड्यात कालवलंत तर नोटीसच वादात सापडते. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, घरच्या आणि धंद्याच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा, पावत्या फाईलला लावा. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पाकीट ‘दार बंद’ शेऱ्याने परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. नोटीस मिळाली नाही असं म्हणणं मग सहसा त्याला अवघड जातं. व्हॉट्सॲपवरची नोटीस चालते का? कुठे कुठे उच्च न्यायालयांनी मान्य केली आहे. पण खालच्या कोर्टात त्यावर वर्षभर वाद घालण्यापेक्षा पोस्टात जाणं सोपं. व्हॉट्सॲपवर जोडीला पाठवा हवं तर. नोटीस मराठीत दिली तरी बिघडत नाही, त्यालाही तीच भाषा समजते. कोर्टात दाखल करताना कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर लागेल, चॅटचंसुद्धा.

नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस. नाही दिले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत तक्रार. पुढचं मात्र माझ्या हातात नाही. कायद्यात लिहिलंय की केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा. समन्स चंदगडच्या पोलिसांकडून बजावून परत येण्यातच यातले किती महिने जातील ते तुम्ही बघालच. सीमाभागातल्या माणसाला कोर्टाच्या वेगाबद्दल मी काय सांगणार? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला सीमाप्रश्नाचा दावा आपण सगळेच बघतोय. तरी चेकच्या केसचा दाब पडतो. आरोपीने गुन्हा कबूल केला नाही तर चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा हुकूम कोर्ट देऊ शकतं, देईलच असं नाही. बरीच प्रकरणं तिथेच तडजोडीला येतात.

चेकची मुदत संपली असेल तर कलम १३८ विसरा. तारीख खोडून नवी घालायचा सल्ला कुणी देईल, त्याला चहा पाजून घरी पाठवा. चेक देणाऱ्याच्या संमतीशिवाय केलेल्या अशा बदलाने तो चेक रद्द ठरतो. त्याच्याकडून नवीन चेक मिळतो का बघा. सध्या तो गोड बोलतोय तोवर हे जमण्यासारखं आहे, आणि मिळाला तर पहिल्या दिवसापासून तारखा वहीत लिहा. नाही मिळाला तर दिवाणी दावा आहे. माल दिल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत, उधारीची तारीख ठरली असेल तर तिच्यापासून. ‘दिवाळीला देतो’ या मेसेजने ही मुदत नव्याने सुरू होते का, यावर मी आज पैज लावणार नाही, कारण कायदा सही असलेली लेखी कबुली मागतो. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करता येते, पण ते बहुधा ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतील. दाव्यासाठी विटांच्या खेपांची चलनं, ट्रॅक्टरवाल्याची वही, बिल केलं असेल तर बिल, त्याने आधी काही रक्कम दिली असेल तर बँकेचं स्टेटमेंट, हे सगळं गोळा करा. चलनावर त्याच्या साइटवरच्या माणसाची सही आहे का ते आधी बघा. सही नसेल तर त्या ट्रॅक्टरवाल्याला साक्षीला यावं लागेल, तेव्हा त्याचं भाडं थकवलं असेल तर आधी ते चुकतं करा.