ऑलिव्ह तेल गाळल्यावर उरलेल्या चोथ्याचं कंपोस्ट का सडतं? कोणतं कल्चर (जिवाणू-बुरशीचं विरजण) घालावं?

आधी हवेचं बघा, कल्चर नंतर. स्पेनमध्ये या ओल्या चोथ्याला आल्पेरुखो म्हणतात. त्यात ६५-७० टक्के पाणी, शिवाय उरलेलं तेल आणि फिनॉलं (रोपांना बाधणारी कडू रसायनं). नुसता ढीग लावला तर लगदा दबतो, आत हवा शिरत नाही आणि आंबूस वास सुटतो.

वजनाने अंदाजे ६ भाग चोथा, ३ भाग शेणखत किंवा मेंढ्यांचं लेंडीखत आणि १ भाग ऑलिव्हचा पाला किंवा काड मिसळा. कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर ३०च्या आसपास, म्हणजे एका भाग नत्राला ३० भाग कर्ब, ठेवा. रास दीड मीटरपेक्षा उंच नको. सुरुवातीला दर आठवड्याला पालटा.

लागणारे जिवाणू खतातूनच येतात. फिनॉलं तोडणाऱ्या बुरश्या सुरुवातीलाच घालणं म्हणजे पैसे वाया: ५५-६५ अंशांत त्या टिकत नाहीत. रास ४० अंशांखाली उतरल्यावर घाला. ओलावा ४० टक्क्यांखाली गेला तर काम मंदावतं आणि रास थंड पडते. त्याला खत तयार झालं समजू नका, पाणी मारून पालटा. सहा ते नऊ महिने लागतातच.

तयार झालं का, हे हळिवावर तपासा: १ भाग खत १० भाग पाण्यात ढवळून गाळा, त्यात बी रुजवा. साध्या पाण्यातल्यापेक्षा मुळं आखूड, तपकिरी दिसली तर अजून थांबा.