मुंबईत १०१ ला फोन केल्यावरही बंब यायला उशीर का होतो?

तुम्ही विचारलंय की फोन लगेच लागतो, स्टेशनही लांब नाही, मग गाडी कुठे अडकते. मी गिरगावात चाळीत वाढलो, अजून तिथेच राहतो, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेच सांगतो.

गाडी अडकते ती आपल्याच गल्लीत. आमच्याकडे एकदा रात्री जिन्याखालचा मीटरबॉक्स पेटला, बंब नाक्यापर्यंत पटकन आला पण पुढे दोन्ही बाजूंना लावलेल्या बाईक आणि एक टेम्पो, ज्याचा मालक कुठे ते कुणालाच माहीत नाही, शेवटी पोरांनी बाईक उचलून बाजूला टाकल्या आणि जवानांनी नाक्यापासून होज ओढत आणला. तेवढ्या वेळात वरच्या मजल्यावरच्या आजी धुराने गुदमरल्या होत्या. वाचल्या, पण ती रात्र विसरता येत नाही.

आणि जुन्या चाळींचं म्हणजे जिना लाकडी, तोही बहुतेक एकच, म्हणजे आग जिन्यालाच लागली की खाली उतरायची वाटच बंद. वासे, तक्तपोशी सगळं सागवानी, आतून धुमसत राहतं आणि अचानक कोसळतं. ९ मे २०१५ ला काळबादेवीत गोकुळ निवासला आग लागली तेव्हा तेच झालं, इमारत कोसळली आणि दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकरसुद्धा. एवढ्या वरच्या हुद्द्याचा माणूस स्वतः आगीपाशी उभा होता. म्हणून बंबवाले उशिरा येतात असं कुणी सहज म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला त्यात ६६ जवान गेले, दरवर्षी एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्याच आठवणीसाठी.

आता तुमच्या हातात काय आहे, तर वर्दी देताना नुसतं चाळीचं नाव सांगू नका, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, मजला सांगा, आत कुणी अडकलंय का ते सांगा, आणि पलीकडच्याचं विचारून झाल्याशिवाय फोन ठेवू नका. जिन्याखाली जुन्या गाद्या, सायकली, रद्दी ठेवू देऊ नका, यावरून भांडण झालं तरी चालेल. मीटरच्या आगीवर पाणी अजिबात मारायचं नाही. आणि फोन झाला की लगेच एक माणूस नाक्यावर उभा करा गाडीला वाट दाखवायला, आमच्याकडे ते काम तळमजल्यावरच्या किराणावाल्या काकांनी घेतलंय, टेम्पोवाल्यांचे नंबरही आता त्यांच्याच वहीत असतात.