पाळक गेले, अध्यक्ष कोण?

प्रश्न : साक्री तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक वारले. न्यासाचे अध्यक्षही तेच होते. मुलगा म्हणतो, आता मीच. पंचांपैकी काहींनी सभा घेऊन दुसऱ्यालाच अध्यक्ष केलं. दोघांनीही धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज) दिलेत. दिवाणी कोर्टातून मनाई आणावी का? – एक सभासद

उत्तर : नको. विश्वस्त कोण, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खालच्या चौकशीत ठरतं आणि कलम ८० दिवाणी कोर्टाची वाट अडवतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या गुजरातेतल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हेच सांगितलं. तरीही दावा टाकलात, तर अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच तारखा पडत राहतील.

आधी परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा आणि न्यासाच्या मंजूर घटनेची, म्हणजे नियमावलीची, नक्कल काढा. कपाटातल्या टाइप केलेल्या प्रतीवर भांडू नका. तिच्यातली दुरुस्ती मंजूरच नसते, असं पुष्कळदा निघतं. पाळकपद वेगळं, विश्वस्तपद वेगळं. घटनेत पाळक पदसिद्ध अध्यक्ष असेल, तर मुलाकडे पाळक म्हणून नेमणुकीचं पत्र आहे का पाहा. नुसत्या वारसाहक्काने, घटनेत तसं लिहिल्याशिवाय, काही मिळत नाही.

मग दुसऱ्या गटाची सभा तपासा. असे अर्ज बहुधा नोटिशीवरच पडतात. अध्यक्ष वारल्यावर सभा बोलवायचा अधिकार कोणाला? नोटीस किती दिवस आधी हवी होती? घटना लेखी नोटीस मागत असेल, तर रविवारी उपासनेनंतर तोंडी सांगितलेलं चालत नाही. नोटीस वहीवरच्या सह्या, पोस्टाच्या पावत्या मागा. इतिवृत्तातला हजर सभासदांचा आकडा हजेरीच्या सह्यांशी जुळवा. एकाच हातच्या सह्या दिसल्या तर उलटतपासणीत तेच विचारा.

हरकत शपथपत्रासह लेखी द्या आणि दोन्ही रिपोर्ट एकत्र चालवायची विनंती करा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत रिपोर्ट यायला हवा. उशीर असेल तर माफीचा अर्ज जोडलाय का बघा. निकालावर कलम ७० चं अपील ६० दिवसांत.

तोवर बँक खातं कोण चालवणार, यासाठी कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात. जमीन विकायला कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते, तरी सातबारा आजच काढून ठेवा. नाव न्यासाचं आहे की जुन्या मिशनचं, ते कळेल. आणि कुणी ‘दुसऱ्या चर्चमध्ये विलीन होऊ’ म्हणालं, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा ब्रदरन चर्चचा निकाल दाखवा. नुसत्या ठरावाने न्यास आणि त्याची मालमत्ता दुसरीकडे जात नाही.